चौकशीमास्तरांची कार्डं

आमचे बिगारीचे मास्तर कुणाच्याही घरी आले की आधी लांबूनच ओरडून विचारत, “म्हैस बांधलेली आहे का?” बांधली आहे असं आतून कुणीतरी सांगेपर्यंत त्यांचं पाऊल अंगणात पडत नसे. मग आत येऊन ओट्याच्या कडेला टेकायचं, काळी टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची आणि दुसरा प्रश्न विचारायचा, “आज घरी येऊन काय सांगितलं पोरानं?” त्यानंतर तिसरा, चौथा, पाचवा. पोर काय खातं, कुणाशी भांडतं, झोपताना काय बडबडतं. स्वतःहून काही सांगणं हे या माणसाला ठाऊकच नव्हतं. म्हणून गावानं त्यांचं नाव चौकशीमास्तर ठेवलं. त्यांचं खरं नाव पुढे मी कितीतरी वेळा कार्डावर लिहिलं, पण इथे लिहीत नाही. त्या नावानं ते मला माझे वाटत नाहीत.

आमचं गाव कामशेतहून नदी ओलांडून आंदर मावळाकडे निघालं की लागतं. महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. चौथीपर्यंतची शाळा होती, तिला मास्तर दोन. मोठे मास्तर वरचे वर्ग शाळेच्या खोलीत घेत. बिगारी, म्हणजे पहिलीच्याही आधीचा वर्ग, मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर भरे. पाच-सहा वर्षांची, नाकं वाहणारी वीस-बावीस पोरं आणि त्यांच्यासमोर हे सडपातळ, उंच, कोटाची सगळी बटणं लावलेले मास्तर. बिगारीला गावात काही मान नव्हता. आईबाप लावणीला गेले की पोर विहिरीत पडू नये म्हणून बसवायची ती जागा, एवढंच लोकांना माहीत होतं. मास्तर मात्र चौथीच्या वरचं काहीतरी शिकवत असल्यासारखे तिथे उभे राहत.

पोराला पहिल्या दिवशी शाळेत घालायला येणारा बाप तेव्हा एकच वाक्य बोलत असे, “मास्तर, मारा, पर शिकवा.” हे म्हटलं की बापाचं काम संपलं आणि तो मोकळ्या मनानं शेतावर जायला निघे. चौकशीमास्तर त्याला हाताला धरून थांबवत. म्हणत, “मारायचं काम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमतं, ते तुमच्याकडेच ठेवा. मला एवढं सांगा, हा घरी काय खेळतो?” बाप डोकं खाजवी. पोर काय खेळतं हे कुणी बापाला कधी विचारलेलं नसे. “खेळतंय कायबाय, दगडं-धोंडं,” असं म्हणून तो कसाबसा सुटका करून घेई. दुसऱ्या दिवशी मास्तर त्या पोरापुढे दगड मांडून बसलेले दिसत. गावात बोलणं होई की नवा मास्तर जरा सैल आहे.

मला शाळेत घातलं ते दादांनी. दादा म्हणजे माझे वडील. मला घातलं याचं कारण एवढंच की मी घरी फार बोलायची आणि आईला कामात सुचू द्यायची नाही. माझं नाव सगुणा, पण आई मला चिमणी म्हणायची, ते माझ्या चिवचिवाटामुळेच. त्या मी शाळेत जाऊन सहा महिने तोंडातून एक शब्द काढला नाही. ते कसं घडलं ते सांगते.

पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी माझ्यापुढे मूठभर चिंचोके टाकले आणि म्हणाले, “मोज.” मी मोठ्या ऐटीत मोजायला लागले, “लाभ, दोन, तीन, चार...” आमच्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. घरात लाभ यावा म्हणून. खळ्यावर दादा भातानं अधोलीचं माप भरत आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहून मोजत असे. मला मोजणं ठाऊक होतं ते तेवढंच. मास्तर पुण्याकडचे, त्यांनी खळं कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांना वाटलं पोरगी गंमत करते आहे. ते मोठ्यानं हसले. मास्तर हसले म्हटल्यावर वर्ग हसला. त्यातली निम्मी पोरं आपापल्या खळ्यावर तसंच मोजत होती, पण मास्तरांबरोबर हसायची संधी कोण सोडतो? मी चिंचोके तिथेच टाकले आणि तोंड मिटलं.

पाऊस गेला, दिवाळी गेली, मी शाळेत मुकीच. मास्तर गोड बोलले, चित्रं दाखवली, गुळाचा खडाही देऊन पाहिला. मी गूळ खाल्ला आणि गप्प राहिले. ते आमच्या घरी येत, तेव्हा म्हशीबद्दलची आरोळी ऐकू आली की मी भाताच्या कणगीमागे जाऊन बसे. आई सांगे, “घरी लय बोलती, मास्तर. कान किटवती.” मास्तरांना ते खरं वाटेना आणि आईला वाटे मास्तरच काही लपवतात. दोघं ओट्यावर बसून माझ्याबद्दल बोलत, आणि ती दोघं वेगवेगळ्या मुलींबद्दल बोलत असावीत असं ऐकणाऱ्याला वाटलं असतं. दादांनी मात्र मनात ठरवून टाकलं होतं. ते आईला म्हणाले, “शाळंत मुकी बसायची आसंल तर हितं ढोरामागं काय वाईट? एवढी रास घरात पडली की काढतो तिला.”

मार्गशीर्षात खळ्यावर भाताची रास पडली. दादा मापत होते, आई पोती धरून होती आणि मी नेहमीसारखी मोठ्यानं मोजत होते. मास्तर त्या दिवशी आमच्या घरी जाऊन, तिथे कुणी नाही म्हणून खळ्याकडे आले. खळ्यावर म्हैस नव्हती, बैल होते, आणि बैलांची त्यांना भीती नसे. त्यामुळे ते ओरडले नाहीत आणि मला ते आल्याचं कळलं नाही. मी म्हणत होते, “लाभ, दोन, तीन...” वीस झाले की दादा एक खडा बाजूला ठेवत आणि मी पुन्हा लाभपासून सुरुवात करी. मागे एकदम जोराची शिंक आली. भाताच्या धुळीनं मास्तरांना फार शिंका येत. मी वळून पाहिलं आणि माझं तोंड पुन्हा मिटलं.

मास्तरांनी नाक पुसलं. मग त्यांनी दादांना विचारलं, “भाऊ, ही पहिल्या मापाला लाभ का म्हणते?” दादा म्हणाले, “आवो, समदीच म्हनत्यात. राशीला एक म्हनू न्हाई.” मास्तरांनी वहाणा काढल्या, खळ्यात आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. कोट, टोपी, सगळ्यासकट, धुळीत. म्हणाले, “सगुणा, मी हसलो ते चुकलो. तू बरोबर मोजत होतीस, मला मोजता येत नव्हतं.” मग उठून त्यांनी दादांपुढे हात जोडले. दादा पार गोंधळले. तोवर कोट-टोपीतल्या माणसापुढे हात जोडायचे ते दादांनी, हे उलटं काहीतरी होत होतं. “आवो मास्तर, आसं काय करताय, उठा उठा!” असं ते म्हणत राहिले, मास्तर केव्हाचेच उठलेले असले तरी. आई पोत्याचं तोंड धरून उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले. भाताचं कूस डोळ्यात गेलं असं ती पुढे सांगायची.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दादांना अधोली घेऊन शाळेत बोलावलं. दादा त्यांच्या उभ्या जन्मात शाळेच्या आवारात पहिल्यांदाच बसले. ओसरीवर भाताचा ढीग ओतला आणि सगळ्या बिगारीनं गळा काढून मोजलं, “लाभ, दोन, तीन.” मास्तर आमच्यापेक्षा मोठ्यानं म्हणत होते. मोजून झाल्यावर त्यांनी धूळपाटीवर एकाचा आकडा काढला आणि म्हणाले, “खळ्यावर याला लाभ म्हणायचं, पाटीवर एक. दोन्ही नावं याचीच.” त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मीच उठले, पाटीशी गेले आणि एक काढला. शाळेत मी त्या दिवशी बोलले आणि त्यानंतर मला गप्प करणं हे मास्तरांचं मोठं काम होऊन बसलं. दादांनी मला काढायचं पुन्हा त्या वर्षी म्हटलं नाही. त्यांच्या मनात मास्तर एकदम फार वर जाऊन बसले होते. लग्नकार्य असो की बैल घेणं, ते म्हणत, “मास्तरास्नी इचारू.”

या प्रसंगानंतर मास्तरांनी शनिवार आयांना देऊन टाकला. दर शनिवारी एका आईनं ओसरीवर यायचं आणि तिला येत असेल ते पोरांना दाखवायचं. पहिले तीन शनिवार कुणीच फिरकलं नाही. मास्तर घरोघर हिंडले, म्हशींची चौकशी करत. आईकडे आले तेव्हा आई म्हणाली, “मला काय येतंय? दोन भाकरी बडवायच्या. त्ये बगायला पोरं कशाला शाळंत येत्याल?” मास्तर म्हणाले, “सगुणाच्या आई, पोर शाळेत येतं ते अर्धंच येतं. उरलेलं तुमच्या चुलीपाशी असतं. मला ते अर्धं कुठून आणता येणार?” आई सूप घेऊन गेली. तिनं पोरांना तांदूळ, कणी, कोंडा आणि तूस वेगळं करायला लावलं, प्रत्येकाला हात लावून ओळखायला लावलं, डोळे मिटूनसुद्धा. सगळी पोरं पांढरी झाली आणि मास्तर शिंकून शिंकून बेजार झाले. त्यानंतर ठाकरवाडीची एक बाई पानं घेऊन आली. कुठल्या पानाची पत्रावळ टिकते आणि कुठलं पान चुरगळलं की हाताला वास येतो, हे तिनं सांगितलं. मास्तर सगळ्यांच्या मागे पोरांत मांडी घालून बसत आणि त्यांनाच सगळ्यात जास्त शंका असत.

बदल्यात आयांकडून ते एकच गोष्ट मागत. पोर घरी आलं की त्याला विचारायचं, आज काय केलंस, आणि ते काय सांगेल ते पुरतं ऐकून घ्यायचं. मधे रागवायचं नाही. आई रोज भाकरी थापताना मला विचारायची आणि मी सांगायची. तव्यावरची भाकरी करपली तरी ती “मंग?” म्हणायची. आज मी जे काही चार शब्द लिहिते, बोलते, ते त्या “मंग?”मुळे. माझी आई माझं सगळं ऐकून घेते आहे आणि दुसऱ्या दिवशी मास्तर तिला ओट्यावर तेच विचारणार आहेत, हे मला माहीत होतं. त्या दोघांच्या मधे मी वाढले. तसं सुरक्षित मला पुन्हा आयुष्यात कधी वाटलं नाही.

मी दुसरीत असताना त्यांची बदली जुन्नरकडे झाली. निघायच्या दिवशी बैलगाडी आमच्या दारावरून जायची होती. मास्तर उतरले. त्या दिवशी ते म्हशीबद्दल विचारायलाही विसरले, आणि म्हैस खरंच सुटलेली होती. आईला ते म्हणाले, “मी तुम्हाला कार्ड टाकत जाईन.”

आई हसली. “मला? मला काय वाचता येतंय व्हय?”

“हिला येतं ना. ही वाचून दाखवील. तुम्ही उत्तर सांगा, ही लिहील.”

“त्यापरीस हिच्याच नावानं टाका की.”

“नाही,” मास्तर म्हणाले. “चौकशी तुमच्याकडेच करायची आहे.”

माझ्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. मी गाडीमागून ओढ्यापर्यंत पळत गेले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, याचा मला पुढे कित्येक वर्षं राग होता. आता मला वाटतं, त्यांना पाहवलं नसेल.

कार्ड वर्षातून दोन-तीनदा यायचं. वर आईचं नाव, सौभाग्यवती भागूबाई यांस. गावात बाईच्या नावानं कार्ड येणारं घर आमचं एकटंच. पोस्टमन ते आईच्याच हातात देई आणि आई ते हात पुसून घेई. ते आधी स्वतः उलटसुलट बघायची, मग मला द्यायची. “वाच.” आत मास्तरांचे प्रश्न असत. सगुणा हल्ली काय वाचते, कशाला कंटाळते, खोटं बोलते का, हिशेबात चुकते तेव्हा रडते की चिडते. माझ्याबद्दलचे असे प्रश्न मीच मोठ्यानं वाचायचे म्हणजे शिक्षाच होती.

उत्तर लिहिणं त्याहून कठीण. आई सांगायची, “लिही, लय आळशी झालीय. धुणं म्हटलं की पोटात दुखतंया हिच्या. तोंड मातूर चालतंय.” मी लिहायची, सगुणा बरी आहे, अभ्यास करते. आई पुढे वाकून कार्डाकडे बघे आणि म्हणे, “मी येवढं बोलले आन् दोनच वळी? बाकीचं कुटं गेलं?” तिला अक्षर कळत नव्हतं, पण वाक्याची लांबी कळत होती. मला सगळं खरं लिहावं लागे, आळस, पोटदुखी, सगळं. पुढच्या कार्डात मास्तर विचारत, “धुण्याच्या वेळचं पोट आता कसं आहे?” आई ते ऐकून पदर तोंडाला लावून हसायची.

चौथी झाली तेव्हा दादा म्हणाले, “बास झालं आता.” पुढची शाळा वडगावला, जाऊन-येऊन चालत, आणि मुली त्या वाटेनं जात नव्हत्या. आई म्हणाली, “मास्तरास्नी इचारते.” मास्तरांचं कार्ड आलं. त्यांनी काही आज्ञा केली नव्हती, नेहमीसारखं विचारलंच होतं. “भाऊंना विचारा, सगुणा वडगावला गेली तर वाटेत तिला सोबत कुणाची होईल?” दादा त्यावर दोन दिवस विचार करत राहिले आणि मग सोबत शोधून आले. माळ्याची दोन मुलं वडगावला जात, त्यांच्याबरोबर मी जाऊ लागले. दरवर्षी दादा एकदा “बास” म्हणत आणि दरवर्षी एक कार्ड येई. माझी शाळा त्या कार्डांवर चालली होती, हे मला त्या वयातही नीट कळत होतं. मास्तरांनी हात जोडले होते त्या खळ्यावरचं ऋण दादा फेडत होते म्हणा, किंवा त्यांना दुसऱ्या कुणाचं पटत नव्हतं म्हणा.

मी सहावी पास झाले त्या उन्हाळ्यात कान्ह्याकडचं एक स्थळ आलं. जमीन चांगली, माणसं चांगली. दादा म्हणाले, “या साली उजवून टाकू. आता मास्तर काय म्हनत्यात ते बगाया नगं, आपली पोर आपुन बगू.” पण आईनं मला कार्ड लिहायला बसवलंच. मुलगी सातवीला आहे, फायनलच्या परीक्षेला बसवू की लग्न करू, तुम्ही सांगा. दादांनी ते ऐकलं आणि म्हणाले, “बरं, त्येंचं उत्तर येऊस्तवर थांबतो.” मी रोज पोस्टमनची वाट पाहू लागले. कार्डात काय येणार याची मला खात्री होती. फक्त ते यायला हवं होतं.

एक दिवस दुपारी ते आलं. दादा शेतावर होते. आई सुपात तांदूळ निवडत होती. तिनं हात पुसून कार्ड घेतलं, उलटसुलट पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मला दिलं. “वाच,” म्हणाली. मी हातात घेतलं तर अक्षर मास्तरांचं नव्हतं. एक कोपरा फाटलेला होता, पोस्टमनच्या पिशवीत फाटला असेल असं मला वाटलं. आत तीन ओळी. आमचे धाकटे बंधू विषमज्वरानं आठ दिवसांच्या दुखण्यात वारले. त्यांच्या कागदांत आपलं पत्र मिळालं म्हणून कळवीत आहे. खाली त्यांच्या भावाची सही.

मी ते मनात वाचलं. पण खरं सांगते, त्या क्षणी मला रडू आलं नाही. मला पहिल्यांदा सुचलं ते हे, की आता दादांना थांबवणारं कुणी उरलं नाही. मी तेरा वर्षांची होते. मी घसा साफ केला आणि मोठ्यानं वाचायला लागले. “सौभाग्यवती भागूबाई यांस. आपलं कार्ड पावलं. सगुणा सातवीत गेली हे वाचून आनंद झाला. तिला फायनलला बसवावं असं मला वाटतं. लग्न एक वर्षानं केलं तर चालणार नाही का, असं भाऊंना विचारावं.” एवढं झालं आणि मी थांबले. आई सुपाकडे बघत होती.

“आनखी काय म्हनत्यात?” तिनं विचारलं.

मला आणखी काही जुळवणं भाग पडलं. “म्हणतात, तब्येत बरी आहे. तिकडे यंदा आंबा बरा आहे.”

“आनखी?”

“म्हणतात... सगुणाच्या आई, तुमची आठवण येते. सुपाची. शिंकांची.”

आईनं सूप खाली ठेवलं. मग “बरं,” म्हणाली. मास्तरांची सगळी कार्डं ती एका डब्यात घालून फळीवर ठेवत असे. हे कार्ड तिनं माझ्या हातातून घेतलं आणि चुलीत घातलं. माझा जीव भांड्यात पडला. चुकून झालं असेल, किंवा डबा भरला असेल, असं मी मनाशी म्हटलं. मग ती उठली, परसात गेली आणि भर दुपारी डोक्यावरून पाणी घेतलं. उकडत असेल, असंही मी म्हटलं.

दादा आले तेव्हा तिनं ओट्यावरच सांगितलं, “मास्तरांचं कारड आलंया. पोरीला फायनलला बसवा म्हनत्यात.” दादांनी मुंडासं काढून खुंटीला लावलं. “म्हनले का? मंग बसवू,” म्हणाले. त्यांनी कान्ह्याला निरोप पाठवला. मी उत्तर लिहू का, असं आईला विचारलं, कारण न विचारणं संशयाचं झालं असतं. ती म्हणाली, “नगं. परीक्षा झाल्यावर लिवू.” परीक्षा झाली, मी पास झाले. ती लिहिण्याचं विसरली, आणि मी आठवण केली नाही. मास्तरांसाठी मी रडले ते ओढ्यावर, धुणं आपटताना, एकटी. घरी रडले असते तर माझं खोटं उघडं पडलं असतं. ज्या माणसानं मला बोलतं केलं, त्याच्यासाठी मला गप्प राहावं लागलं.

फायनल झाल्यामुळे मी पुढे मास्तरीण झाले, आणि मागून घेतली ती बिगारी. लग्नही झालं, कान्ह्याला नाही, लोणावळ्याला. लोणावळ्याच्या पोरांच्या घरी मी ओट्यावर बसून चौकशी करू लागले, तेव्हा तिथल्या लोकांनाही वाटलं की बाई जरा सैल आहे.

दादा वारले तेव्हा लढाई नुकतीच संपली होती. पाहुण्यांना कळवायची कार्डं लिहायला मी ओसरीवर बसले. घरात लिहिणारी मीच. पहिलं कार्ड लिहून झालं आणि चुलते म्हणाले, “कोपरा फाड त्येचा.”

“का?”

“का म्हंजी? मयताच्या कारडाचा कोपरा फाडत्यात. वाचता येत न्हाई त्येला बी कळावं, म्हून. आन् त्ये घरात ठेवत न्हाईत, वाचलं की जाळायचं. येवढी शिकली आन् येवढं ठावं न्हाई?”

मी लेखणी खाली ठेवली. मी आईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती, कपाळ मोकळं. ती माझ्याकडेच बघत होती.

“आई,” मी म्हटलं, “मास्तरांचं ते शेवटचं कार्ड...”

“व्हय,” ती म्हणाली. “माजा भाऊ गेल्याचं कारड मुंबईवरनं आलं व्हतं, तवाबी कोपरा तसाच व्हता. तुज्या हातात द्यायच्या आदीच मला कळलं. म्हटलं, बगू पोर काय वाचती.”

“मग तू दादांना...”

“तू मास्तरांवानीच वाचलंस की. त्ये आसतं तर दुसरं काय म्हनलं आसतं?” चुलते ऐकत होते, त्याचं तिला काही वाटलं नाही. “आन् मला बी त्येंचं आनखी ऐकू वाटत व्हतं, पोरी. म्हून इचारत ऱ्हायले.”

मग तिनं हात पुढे केला, माझ्यासमोरचं कार्ड घेतलं आणि त्याचा कोपरा स्वतः फाडला.